लाइम रेजिसची जीवाश्मवाली

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात लाइम रेजिस नावाचे एक लहानसे बंदर आहे. गावाच्या दोन्ही अंगांना समुद्रालगत उभे कडे आहेत. या कड्यांत निळसर करड्या चुनखडीचे आणि मऊ शेलचे थर एकाआड एक रचलेले दिसतात. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी एका समुद्राच्या तळाशी साचलेला हा गाळ आहे. हिवाळ्यात वादळे होतात, पाऊस थरांमध्ये मुरतो, मऊ शेल निसटते आणि कड्याचा एखादा भाग धडाधड खाली येतो. भरतीचे पाणी त्यातला चिखल धुऊन नेते आणि आत अडकलेल्या वस्तू उघड्या पडतात. पुढच्या एकदोन भरत्यांत त्याही फुटतात किंवा समुद्रात जातात. म्हणजे ज्याला येथे काही शोधायचे आहे, त्याने वादळ ओसरताच, ओहोटीच्या चार-दोन तासांत, नुकत्याच ढासळलेल्या कड्याखाली जाऊन उभे राहिले पाहिजे. शहाण्या माणसाने जिथून दूर राहावे अशीच ही जागा!

अठराव्या शतकाच्या अखेरीस गावातले लोक या वस्तूंना 'गमतीचे दगड' म्हणून ओळखत. वेटोळ्याच्या आकाराचे ते सर्पदगड, लांबट निमुळती ती सैतानाची बोटे, वाकड्या शिंपल्यांसारखी ती सैतानाची नखे. आज आपण सर्पदगडाला अमोनाइट म्हणतो. तो माखली आणि ऑक्टोपस यांच्या दूरच्या नात्यातला, शंखात राहणारा प्राणी होता. आपल्याला हे दगड अगदीच परके नाहीत. देवघरात ठेवल्या जाणाऱ्या गंडकी नदीतल्या शाळिग्रामात जे चक्र दिसते, ते याच अमोनाइटचा ठसा असते. एका ठिकाणी त्यात साप दिसला, दुसऱ्या ठिकाणी विष्णूचे चक्र. दोन्हीकडे लोकांनी एक गोष्ट मात्र अचूक हेरली होती, की हा दगड इतर दगडांसारखा नाही.

या गावात रिचर्ड ॲनिंग नावाचा एक सुतार राहत असे. फावल्या वेळात तो किनाऱ्यावरून असे दगड गोळा करी आणि हवापालटासाठी येणाऱ्या पाहुण्यांना विकी. फ्रान्सशी चाललेल्या युद्धामुळे त्या काळी इंग्लंडमधल्या सधन मंडळींना युरोपात फिरायला जाता येत नसे, त्यामुळे देशातल्याच समुद्रकाठच्या गावांना बरे दिवस आले होते. रिचर्डला नऊ-दहा मुले झाली. त्यांतली जोसेफ आणि मेरी ही दोनच जगली. मेरीचा जन्म २१ मे १७९९ चा. बाप या दोघांना बरोबर घेऊन कड्याखाली जाई. १८१० मध्ये तो वारला आणि मागे सुमारे १२० पौंडांचे कर्ज ठेवून गेला. मेरी तेव्हा अकरा वर्षांची होती. दगड विकणे हा यानंतर फावल्या वेळचा उद्योग उरला नाही, तो पोटाचा धंदा झाला.

मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत पुढची गोष्ट बहुधा अशी येते: बारा वर्षांच्या एका गरीब मुलीला एके दिवशी समुद्रकाठी एक राक्षसी सांगाडा सापडला आणि ती जगप्रसिद्ध झाली. प्रत्यक्षात १८११ मध्ये जोसेफला सुमारे चार फूट लांबीची एक कवटी सापडली. ती मगरीची असावी असे सगळ्यांना वाटले. बाकीचे धड कड्यात कुठेतरी असणार, पण कुठे? जोसेफ गाद्या-खुर्च्या मढवण्याचे काम शिकत होता, त्याला सवड नव्हती. मेरी मात्र जागेवर नजर ठेवून राहिली. पुढच्या वर्षी कड्याचा काही भाग ढासळल्यावर तिला उरलेला सांगाडा दिसला. तो मजुरांच्या मदतीने काढावा लागला. लाइमच्या जमीनदाराने तो २३ पौंडांना विकत घेतला. तिथून तो लंडनच्या एका खासगी संग्रहालयात गेला आणि शेवटी १८१९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने लिलावात ४५ पौंड ५ शिलिंगांना खरेदी केला. कवटी आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे, धड हरवले आहे.

हा प्राणी कोणता, यावर पुढची काही वर्षे बरीच ओढाताण झाली. सर एव्हरार्ड होम हे लंडनमधले नामांकित शल्यविशारद. त्यांनी १८१४ पासून रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एकामागून एक सहा निबंध लिहिले. आधी त्यांना हा प्राणी माशाजवळचा वाटला, मग मासा आणि मगर यांच्या मधला, आणि शेवटी सॅलमँडर व सरडा यांच्या मधला. सांगाडा कोणी शोधला याचा या निबंधांत उल्लेख नाही. तो दगडातून साफ करण्याचे श्रेयसुद्धा संग्रहालयाच्या नोकरांना दिले गेले. पुढे इक्थिओसॉर, म्हणजे 'मत्स्य-सरडा', हे नाव रूढ झाले.

होमच्या गोंधळाला हसण्यापूर्वी आपण क्षणभर त्याच्या जागी उभे राहू. समोर माशासारखे निमुळते शरीर आहे, माशासारखेच चकतीवजा मणके आहेत. पण कल्ले नाहीत. नाकपुड्या डोळ्यांच्या जवळ आहेत, म्हणजे प्राणी हवेत श्वास घेणारा. पर वाटतात ते उघडून पाहिले तर आत बोटांच्या हाडांच्या रांगा. डोळ्याभोवती हाडांच्या पट्ट्यांचे कडे. मासा, मगर आणि डॉल्फिन एकत्र कालवल्यासारखा हा प्रकार कोणत्या कप्प्यात घालायचा? आज आपल्याला माहीत आहे, की जमिनीवर राहणाऱ्या सरीसृपांचे वंशज पुन्हा पाण्यात गेले आणि पाण्यातल्या जगण्याने त्यांच्या शरीराला माशासारखी घडण दिली. डॉल्फिनच्या पूर्वजांचेही असेच झाले, पण कोट्यवधी वर्षांनंतर आणि सस्तन प्राण्यांच्या शाखेत. माशाचे आणि इक्थिओसॉरचे शेपूट उभे असते व डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनचे आडवे असते व वर-खाली हलते. असे का, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. उत्तर शोधताना मुले धावणाऱ्या कुत्र्याच्या पाठीच्या कण्यापर्यंत आणि सरपटणाऱ्या पालीपर्यंत पोहोचतात. होमच्या वेळी मात्र उत्क्रांतीची कल्पना शास्त्रमान्य नव्हती. डार्विनचे पुस्तक येण्यास अजून चार दशके अवकाश होता. एखादी जात पृथ्वीवरून कायमची नाहीशी होऊ शकते, हा विचारसुद्धा तेव्हा नवा होता आणि पुष्कळांना तो देवाच्या योजनेचा अपमान वाटे.

इकडे ॲनिंग कुटुंबाची स्थिती अशी, की १८२० साली घरभाड्यासाठी त्यांच्यावर लाकडी सामान विकायची वेळ आली. टॉमस बर्च नावाचा एक निवृत्त लष्करी अधिकारी त्यांचा जुना गिऱ्हाईक होता. त्याने ही अवस्था पाहिली आणि लंडनमध्ये आपला सगळा जीवाश्मसंग्रह लिलावात काढला. आलेले सुमारे ४०० पौंड त्याने या कुटुंबाला देऊन टाकले. संशोधनासाठी आलेल्या बहुतेक उत्तम वस्तू खरे तर याच लोकांनी शोधल्या आहेत, असे त्याने एका पत्रात लिहून ठेवले आहे. संग्राहकांच्या इतिहासात असा माणूस विरळा.

यानंतर धंदा मेरीच्या हाती आला. तिचे शिक्षण चर्चच्या रविवारच्या शाळेत झाले तेवढेच. पण विकायच्या वस्तूविषयी विद्वानांनी काय लिहिले आहे हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. शास्त्रीय निबंध विकत घेणे परवडणारे नव्हते, म्हणून ती ते उसने आणून हाताने उतरवून घेई, आकृत्यांसकट. तिने केलेल्या अशा एका प्रतीत मूळ चित्र कोणते आणि नक्कल कोणती हे सांगणे कठीण जाते, असे ती पाहणाऱ्या अभ्यासकाने म्हटले आहे. जीवाश्मांची शरीररचना समजावी म्हणून ती आजचे मासे आणि माखल्या स्वतः कापून पाही. गावातल्या फिलपॉट भगिनींपैकी एलिझाबेथ ही तिची जवळची मैत्रीण, स्वतःही उत्तम संग्राहक. १८२६ मध्ये मेरीला सैतानाच्या बोटांत, म्हणजे बेलेम्नाइटमध्ये, वाळलेल्या शाईची पिशवी आढळली. एलिझाबेथने ती शाई पाण्यात कालवली आणि तिनेच इक्थिओसॉरची चित्रे काढली!

आता १८२३ च्या डिसेंबरकडे येऊ. त्या महिन्यात मेरीला सुमारे नऊ फूट लांबीचा एक जवळजवळ संपूर्ण सांगाडा सापडला. चार वल्ह्यांसारखे अवयव, आखूड शेपूट, अगदी लहान डोके आणि भलतीच लांब मान. दोन वर्षांपूर्वी विल्यम कॉनिबेअर आणि हेन्री डी ला बीश या भूशास्त्रज्ञांनी काही सुट्या हाडांवरून अशा एका प्राण्याची कल्पना मांडली होती आणि त्याला प्लेसिओसॉर हे नाव दिले होते. त्यांच्याजवळ पूर्ण सांगाडा नव्हता. तो आता मिळाला. मेरीने स्वतः काढलेले त्याचे चित्र पत्रासोबत पाठवले.

ही बातमी पॅरिसला जॉर्ज क्यूव्हिएकडे पोहोचली. क्यूव्हिए म्हणजे त्या काळच्या शरीररचनाशास्त्राचे सर्वोच्च न्यायालयच. एका हाडावरून अख्खा प्राणी ओळखणारा म्हणून त्याची ख्याती. त्याने चित्र पाहिले आणि शंका घेतली. त्याची शंका वावगी नव्हती. सस्तन प्राण्यांच्या मानेत जवळपास नेहमी सातच मणके असतात, मग तो उंदीर असो की जिराफ. आजच्या सरड्यांत आठाच्या आसपास. या प्राण्याच्या मानेत तीस-पस्तिसांहून अधिक! असा सरीसृप कोणी पाहिला नव्हता. जीवाश्मांच्या व्यापारात दोन प्राण्यांचे तुकडे जोडून एक 'अद्भुत' तयार करणे हा प्रकार तर चालतच असे. दुसऱ्याच प्राण्याची मान येथे बसवलेली असावी, असा क्यूव्हिएचा संशय होता.

हा संशय खरा ठरता तर काय झाले असते? कॉनिबेअरची थोडी नाचक्की झाली असती, एवढेच. त्याच्याजवळ धर्मोपदेशकाची वृत्ती होती, मित्र होते. मेरीजवळ काय होते? तिच्या मालावर लोकांचा विश्वास होता, एवढेच भांडवल. चोवीस वर्षांची, शाळा न शिकलेली, विकण्यासाठीच जीवाश्म काढणारी बाई 'बनावट माल देते' असे पॅरिसहून क्यूव्हिएने म्हटले असते, तर ते भांडवल एका दिवसात संपले असते.

२० फेब्रुवारी १८२४ रोजी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीची सभा भरली. सांगाडा जहाजाने आणला होता. तो इतका अवजड होता, की जिन्यावरून वर सभागृहात नेता येईना, म्हणून सभासदांनी तो खालीच पाहिला. मणके एकमेकांत नीट बसत होते, एका मणक्यापासून दुसऱ्यापर्यंत आकार हळूहळू बदलत जात होता, आणि आजूबाजूचा खडक अखंड होता. जोडाजोड कुठेही नव्हती. कॉनिबेअरने निबंध वाचला. त्याच सभेत विल्यम बकलंडने मेगॅलोसॉरस या प्राण्याचे वर्णन सादर केले. ज्यांना पुढे डायनोसॉर म्हटले गेले, त्यांपैकी शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला. एका संध्याकाळी एवढे सगळे! क्यूव्हिएने आपली शंका मागे घेतली आणि या प्राण्याचे महत्त्व मान्य केले.

कॉनिबेअरच्या निबंधात मेरीचे नाव नव्हते. ती सभेलाही नव्हती. असू शकत नव्हती, कारण स्त्रियांना तेथे पाहुणी म्हणूनही प्रवेश नव्हता. सांगाडा ड्यूक ऑफ बकिंगहॅमने विकत घेतला होता, त्याचे नाव मात्र सर्वांना माहीत होते.

येथे एक खुलासा करू, कारण शाळेतल्या भित्तिचित्रांवर ही चूक हमखास दिसते. इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर हे डायनोसॉर नव्हेत. डायनोसॉरचे पाय शरीराखाली खांबासारखे सरळ येत आणि त्यांच्या माकडहाडाची व खुब्याची रचना त्याला साजेशी असे. हे समुद्री सरीसृप वेगळ्याच शाखांतले. डायनोसॉर हा शब्दही रिचर्ड ओवेनने १८४२ मध्ये काढला. आणि हे प्राणी फक्त इंग्लंडातच होते असेही नाही. कच्छमधल्या लोडाई गावाजवळ भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांना जुरासिक काळातल्या इक्थिओसॉरचा सुमारे साडेपाच मीटर लांबीचा सांगाडा मिळाला, त्याचे वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात मात्र तो शोधायला जाऊ नये. तो लाव्हारसाचा खडक आहे, समुद्रतळाचा गाळ नव्हे.

मेरीच्या कामातली आम्हाला सर्वांत आवडणारी गोष्ट कोणत्याही राक्षसी सांगाड्याची नाही. लाइमच्या थरांत बटाट्याएवढे, गुळगुळीत, करड्या रंगाचे गोटे मिळत. लोक त्यांना बेझोअर, म्हणजे जनावरांच्या पोटात होणारे खडे, समजत. मेरीने पाहिले, की हे गोटे पुष्कळदा इक्थिओसॉरच्या सांगाड्यात पोटाच्या जागीच सापडतात. तिने ते फोडले. आत माशांची हाडे आणि खवले होते, कधी लहान इक्थिओसॉरची हाडेसुद्धा. तिच्या या निरीक्षणांवरून बकलंडने १८२९ मध्ये सिद्ध केले, की ही अश्मीभूत विष्ठा आहे, आणि तिला कोप्रोलाइट हे नाव दिले. या वेळी त्याने मेरीच्या निरीक्षणाचा उल्लेख केला. २० कोटी वर्षांपूर्वी कोण कोणाला खात होते, हे अंदाजाने नव्हे तर पुराव्याने सांगण्याची सोय झाली. (बकलंड मोठा गमत्या होता. त्याने कोप्रोलाइटच्या चकत्या बसवलेले एक टेबल करून घेतले. ते आजही लाइमच्या संग्रहालयात आहे.) सांगाडा नशिबाने सापडू शकतो. एक वस्तू दुसरीच्या शेजारी नेहमी का सापडते, हा प्रश्न मात्र नशिबाने सुचत नाही.

त्यानंतरचे शोध थोडक्यात सांगता येतील. १८२८ मध्ये जर्मनीबाहेरचा पहिला टेरोसॉर, म्हणजे उडणारा सरीसृप. १८२९ मध्ये शार्क आणि वागळी यांच्या मधला वाटणारा एक मासा. शिवाय अनेक इक्थिओसॉर व प्लेसिओसॉर. तिच्या शोधांवरून डी ला बीशने १८३० मध्ये प्राचीन डॉर्सेटच्या समुद्राचे एक चित्र काढले. जीवाश्मांच्या आधारे लुप्त जगाचा देखावा उभा करणारे ते आरंभीच्या चित्रांपैकी एक. त्याच्या छापील प्रती विकून आलेले पैसे त्याने मेरीला दिले. तेव्हा तिला पुन्हा पैशाची ओढ होती. वडिलांच्या मागे चाललेला हा धंदा एका मोठ्या सांगाड्यावर वर्ष काढी आणि मग वर्षभर काही मिळत नसे.

धोका तर रोजचाच. १८३३ च्या ऑक्टोबरात कडा कोसळला आणि तिचा ट्रे नावाचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत पायाशी गाडला गेला. ती थोडक्यात बचावली. सापडलेल्या जागेची राखण करण्यासाठी ती या कुत्र्याला बसवून जात असे.

विद्वानांनी आपल्या ज्ञानाचा उपयोग करून घेतला, पुस्तके छापली, आणि आपल्याला त्यातून काही मिळाले नाही, ही खंत तिने मैत्रिणीजवळ बोलून दाखवली होती. खंत रास्तच होती. मात्र या सर्वांना एका रांगेत उभे करून खलनायक ठरवणे आम्हाला पटत नाही. बर्चने आपला संग्रह विकला. १८३५ च्या सुमारास तिची बरीचशी पुंजी गुंतवणुकीत बुडाली, तेव्हा बकलंडने खटपट करून तिला वर्षाला २५ पौंडांचे निवृत्तिवेतन मिळवून दिले. माणसे वाईट नव्हती, रीत वाईट होती. जो वर्णन छापील त्याचा शोध, जो विकत घेईल त्याचा नमुना, आणि जो खडकातून काढील तो मजूर, अशी ती रीत. मेरी गरीब होती, स्त्री होती आणि प्रस्थापित चर्चबाहेरच्या पंथातली होती. या तिन्हींपैकी एक गोष्टही त्या काळी पुरेशी झाली असती.

तिचे म्हणून छापले गेलेले लेखन एवढेसेच आहे. १८३९ मध्ये 'मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी' या मासिकाला तिने पत्र लिहिले. हायबोडस या जीवाश्म शार्कच्या एका नमुन्यावरून कोणी नवी प्रजाती ठरवू पाहत होते. मेरीने कळवले, की सरळ आणि वाकडे असे दोन्ही प्रकारचे दात एकाच प्राण्यात असलेले नमुने आपण पुष्कळ पाहिले आहेत. मासिकाने पत्रातला उतारा छापला. तिच्या बोलण्यात भीड नव्हती. १८४४ मध्ये सॅक्सनीचा राजा तिच्या दुकानात आला आणि त्याच्या वैद्याने तिचे नाव लिहून मागितले, तेव्हा तिने ते लिहून दिले आणि साऱ्या युरोपात आपल्याला ओळखतात, असे शांतपणे सांगितले.

९ मार्च १८४७ रोजी स्तनाच्या कर्करोगाने तिचे निधन झाले. वय सत्तेचाळीस. वेदना शमवण्यासाठी ती अफूचा अर्क घेई, आणि गावातले काहीजण ती दारू पिते असे समजत. डी ला बीश तेव्हा जिऑलॉजिकल सोसायटीचा अध्यक्ष होता. सभासद नसलेल्या या बाईविषयी त्याने वार्षिक भाषणात श्रद्धांजली वाहिली. सोसायटीच्या सभासदांनी गावच्या चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ रंगीत काचांची खिडकी बसवली. सोसायटीने स्त्रियांना सभासद करून घेतले ते १९१९ मध्ये. किनाऱ्यावर शिंपले विकणाऱ्या बाईचे एक जिभेला वळसे देणारे इंग्रजी वाक्य मुले पाठ करतात. ते मेरीवरूनच रचले, असे सर्रास लिहिले जाते. त्याला आधार मात्र नाही.

जीवाश्मांच्या शास्त्रीय नावांत मेरीच्या हयातीत तिची आठवण ठेवली ती एकट्या लुई आगासी या स्विस शास्त्रज्ञाने. १८३४ मध्ये तो लाइमला येऊन गेला होता. पुढे त्याने दोन जीवाश्म माशांना तिचे नाव दिले. ज्या प्राण्यांमुळे तिचे आयुष्य घडले, त्यांपैकी कोणत्याही इक्थिओसॉर जातीला मात्र तिचे नाव नव्हते. २००८ मध्ये डीन लोमॅक्स या तरुण अभ्यासकाने उत्तर इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या संग्रहालयात एक नमुना पाहिला. तो प्लास्टरचा साचा आहे अशी तेथे समजूत होती. तो डॉर्सेटच्याच किनाऱ्यावरचा खरा जीवाश्म निघाला, पोटातल्या शेवटच्या जेवणाच्या अवशेषांसह. लोमॅक्स आणि जूडी मासारे यांनी त्याची इतर शेकडो नमुन्यांशी तुलना केली आणि २०१५ मध्ये ती वेगळी जात असल्याचे जाहीर केले. तिचे नाव इक्थिओसॉरस ॲनिंगी. लॅटिन व्याकरणाप्रमाणे या नावाच्या शेवटी स्त्रीचा प्रत्यय आहे.